कोऱ्या कापडातली भेंडी

"शेताची किल्ली कुठं ठेवलीय?" असं गुलाम हुसेननी बायकोला विचारलं, तिथंच खरं तर हा विषय संपायला हवा होता.

साजिदा बोंबील साफ करत होती. तिनं मान वर केली, नवऱ्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "शेताला कुलूप नसतं, हमजाचे अब्बा."

"मग चोरी होत नाही?"

"काय चोरणार? माती?"

गुलाम हुसेनना हे अजिबात पटलं नाही. उभा जन्म भिवंडीत यंत्रमाग चालवण्यात गेलेला. कारखान्याला शटर, शटरला दोन कुलपं, आत मुकादम, आणि मुकादमावर डोळा ठेवायला स्वतः. मालमत्ता म्हटली की एवढं सगळं आलंच, अशी त्यांची समजूत. उघड्यावर पडलेल्या अर्ध्या एकराला मालमत्ता म्हणायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

तरीही ते शेतीकडं वळले, याला कारण घरातली शांतता. कारखाना बंद करून, माग भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढवून वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून गुलाम हुसेन टेमघरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर घरी. आणि ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातली खोट काढली तो माणूस घरी बसला की काय होतं, ते त्या घरातल्या बायकांना विचारा. चादरीची वीण विरळ आहे, चपाती एका अंगानं जाड आहे, अफीफा दुपट्टा घडी करते तेव्हा काठाला काठ लागत नाही. अफीफा त्यांची लेक, कॉलेजात शिकणारी. ती घरात असताना कानात इयरफोन घालूनच वावरायला लागली. साजिदाला तीही सोय नव्हती. "एक दिवस हा माणूस मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवणार," असं ती बहिणीला फोनवर सांगे, आणि गुलाम हुसेन बाहेरच्या खोलीतून म्हणत, "हळू बोल. फोनवर ओरडायची गरज नसते."

जमीन साजिदाची. तिच्या वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेली, वाडा रोडला लागून, अंबाडी गावाच्या थोडी अलीकडं. बरीच वर्षं पडीक. आणि त्या जमिनीवर डोळा होता तो खुद्द पोराचा. हमजा वळ गावच्या एका गोदामात सुपरवायझर. त्याला जगात कुठलीही मोकळी जागा दिसली की तिथं किती कंटेनर उभे राहतील ते दिसायचं. त्यानं मुंबईची एक पार्टी गाठली होती. पार्टी म्हणजे किशनभाई नावाचे गृहस्थ. ते जमीन भाड्यानं घेणार, गोदाम बांधणार, सगळं अगदी चोख. फक्त अम्मीची सही हवी.

"गोदाम होणार नाही," गुलाम हुसेन म्हणाले.

"का पण, अब्बा? तिथं काय आहे?"

"तिथं मी शेती करणार आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. खरी गोष्ट अशी, की आपल्या हातानं एक शटर खाली ओढल्यावर घरच्या जमिनीवर दुसऱ्याचं शटर उभं राहिलेलं त्यांना बघवलं नसतं. पण हे असं कुणी सांगत नाही. त्यापेक्षा माणूस शेती करतो.

हमजा हसला. अफीफानं एका कानातला इयरफोन काढला. साजिदानं मात्र विचार केला आणि फैसला दिला. "किशनभाई जागा बघायला येतील त्या दिवशी रस्त्यावरून मला पिकाच्या ओळी दिसल्या, तर सही करणार नाही. नाही दिसल्या, तर तिथंच गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून सही करणार. मग कुणी तोंड वाकडं करायचं नाही." हमजानं लगेच किशनभाईंना फोन लावून हिवाळा सरताना या असं सांगितलं. भेंडी लावायचं ठरलं. का, तर गुलाम हुसेनना खाण्यात तेवढी एकच भाजी खपायची.

आता शेती करायची तर सल्ला हवा, आणि भिवंडीत दुसरं काही कमी पडेल, सल्ला कमी पडणार नाही. टेमघरच्या चहावाल्याकडं रोज संध्याकाळी जी मंडळी जमत, त्यांतल्या एकाच्याही घरात कुंडीपलीकडं शेती नव्हती. पण मोबाइल सगळ्यांकडं होता. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "गुलामभाई, पेरायची घाई करू नका. आधी पाणी द्या, गवताला उगवू द्या. सगळं वर आलं की एकदम मारा. मग पेरा. यालाच शास्त्र म्हणतात." सल्ला, सांगायला हरकत नाही, खरंच बरा होता. शत्रूला आधी मैदानात बोलवायचं आणि मग हाणायचं, ही गोष्ट गुलाम हुसेनना मानवली.

शेजारच्या रानात काळूराम वाल लावायचा. पाड्यावरचा माणूस, बोलायला गोड, आणि कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणायची सवय नाही. त्याच्या विहिरीवरून गुलाम हुसेननी पाणी घेतलं आणि सबंध अर्धा एकर भिजवला. काय सांगावं! त्या जमिनीनं इतकी वर्षं जे पोटात दाबून ठेवलं होतं ते सगळं एका दमात बाहेर काढलं. लव्हाळा, माठ, कुर्डू, केना, आणि ज्यांना नाव नाही असे पाहुणे वेगळे. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायला लागले, "शेट, काय पेरलंय? मस्त आलंय!"

"अजून काही पेरलं नाही," गुलाम हुसेन अभिमानानं सांगत. लोक मान डोलवत पुढं जात आणि थोड्या अंतरावर गेल्यावर हसत.

मैदानात शत्रू आला. आता हाणायचं. त्यासाठी काळूराम म्हणाला, "रोटर मारा, शेट. माती भुसभुशीत व्हते, गवताचा पार भुगा." ट्रॅक्टर होता भावेशचा. भावेश म्हणाला, उद्या येतो. उद्या त्याच्या दोस्ताची हळद निघाली. आता या भागातली हळद म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. डीजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, म्हणजे ट्रॅक्टरसुद्धा वऱ्हाडी. पुढचे दोन दिवस भावेशचा आवाज बसलेला आणि ट्रॅक्टरचं डिझेल संपलेलं. मग आणखी एक हळद. तोवर इकडं शास्त्र गुडघ्यापर्यंत आलं.

अखेर भावेश आला आणि गोल गोल फिरून रोटर मारून गेला. गुलाम हुसेन बांधावरून ओरडत होते, "अरे सरळ! सरळ चाल! मागावरच्या ताण्याच्या दोऱ्यासारखं!" पण ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. काम झाल्यावर मात्र रान असं काही काळंभोर, मऊसूत दिसायला लागलं की गुलाम हुसेननी चप्पल काढून त्यात पाय ठेवला. घरी येऊन साजिदाला म्हणाले, "गवत खलास."

चार दिवसांत लव्हाळा परत आला. एकटा आला नाही, सगळं खानदान घेऊन आला.

काळूराम बांधावर उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "लव्हाळा हाय त्यो. खाली गाठी असत्यात. कापला का एकाचे धा व्हत्यात."

"मग रोटर मारा असं तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"का?"

"भावेश माज्या भावाचा पोर हाय ना, शेट," काळूराम म्हणाला. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याच्या चेहऱ्यावरून बिलकूल वाटत नव्हतं.

गुलाम हुसेननी त्याला काहीतरी जबरदस्त ऐकवायचं ठरवलं, पण पाणी त्याच्याच विहिरीचं होतं. तेव्हा ते "बरं" एवढंच म्हणाले आणि तालुक्याच्या ऑफिसात गेले. चहावाल्याकडच्या मंडळींनी सांगितलं होतं, गवतावर उपाय एकच, मल्चिंग. वाफ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, त्याला भोकं पाडायची, भोकात बी घालायचं. भोक सोडून गवताला तोंड बाहेर काढायला जागाच नाही. शिवाय सरकारचं अनुदान.

ऑफिसात भाग्यश्री नावाच्या कृषी सहायक बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "जमीन कुणाच्या नावावर आहे, काका?"

"बायकोच्या."

"मग शेतकरी त्या. तुम्ही कोण?"

काल-परवापर्यंत गुलाम हुसेन मालक होते, सेठ होते. आता अनुदानाच्या पोर्टलच्या हिशेबात ते कोणीच नव्हते. बाईंनी साजिदाचं नाव घालून बघितलं, तर ओटीपी हमजाच्या मोबाइलवर गेला. हमजानं तो दिला नाही. वर विचारलं, "हरलात का, अब्बा?" नंतर पोर्टलच बंद पडलं. भाग्यश्रीताई म्हणाल्या, सोमवारी या. सोमवारी सुट्टी होती.

गुलाम हुसेन तडक उठले. अपमान झाला की त्यांना कल्पना सुचायच्या, आणि त्या दिवशी तर मोठी कल्पना सुचली. कागदच कशाला हवा? कापड का नको? कारखान्याच्या माळ्यावर व्यापाऱ्यांनी नाकारलेल्या कोऱ्या कापडाचे तागेच्या तागे पडून होते. कुठं दोरा तुटलेला, कुठं तेलाचा ठिपका. ज्या मालाला बाजारानं नाही म्हटलं तो मातीला का चालू नये? रिक्षा-टेम्पो करून त्यांनी ते सगळे तागे रानात आणले.

आणि मग, मंडळी, त्या रानात जे काम झालं ते बघण्यासारखं होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्या ठोकून गुलाम हुसेननी ताण्याचं सूत बांधलं. त्या सुताबरहुकूम काळूराम आणि त्याची बायको गुणाबाई यांनी वाफे ओढले. एक वाफा सुतापासून ढळला तर शेटनी तो मोडून पुन्हा ओढायला लावला. वाफ्यांवर पांढरं शुभ्र कापड ताणून बसवलं, कडांना माती लावली. मधोमध कैचीनं भोकं पाडली, एका रेघेत, एकसारख्या अंतरानं. प्रत्येक भोकात भेंडीचं बी. संध्याकाळी गुलाम हुसेन बांधावर उभे राहिले तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. कारखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या हातून काहीतरी सरळ झालं होतं. शेजारी उभ्या असलेल्या गुणाबाईला ते म्हणाले, "कसं दिसतंय?"

गुणाबाई खरं बोलणारी. "मढ्यावं कापड घातल्यागत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून वाडा रोडवरच्या जनतेला त्या पांढऱ्या पट्ट्यांनी वेड लावलं. कुणी म्हणालं सभा आहे. कुणी म्हणालं हेलिकॉप्टर उतरणार आहे, पट्टे त्याच्यासाठीच मारलेत. एक तरुण कार्यकर्ता मोटारसायकलवरून आला आणि स्वागताचा बॅनर कुठं लावू म्हणून विचारू लागला. कुणाचं स्वागत, ते त्यालाही माहीत नव्हतं, पण जागा धरून ठेवायची होती. तिसऱ्या दिवशी पंचायतीतून एक माणूस आला. विनापरवाना मंडप घातल्याची तक्रार होती.

"हा मंडप नाही," गुलाम हुसेन म्हणाले.

"कापड आहे ना?"

"कापड आहे. पण मंडप उभा असतो. हे आडवं आहे."

"आडव्याचीसुद्धा परवानगी लागते."

"खाली भेंडी आहे हो!"

त्या माणसानं वाकून एका भोकात डोळा लावला. आत काही दिसेना. "भेंडी दिसली की कळवा, मग तक्रार निकाली काढतो," असं म्हणून तो गेला. गुलाम हुसेनना वाटलं, माणसानं आयुष्यभर इभ्रतीनं राहावं आणि उतारवयात भोकातली भेंडी सिद्ध करत बसावं, हे काही बरं नव्हे.

पण खरी आफत चार पायांनी आली. आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती गुलाम हुसेनना माहीत नव्हती असं नाही, हेच तर दुःख. मागावर चढवायच्या सुताला खळ लावतात. म्हणजे पिठाची कांजीच. कोऱ्या कापडात ती खळ तशीच असते. त्यांच्या कारखान्याबाहेर गल्लीतल्या गाई सुताच्या चिंध्या चघळत बसलेल्या त्यांनी वर्षानुवर्षं बघितल्या होत्या, हाकलल्या होत्या. तोच माणूस खळीचं कापड उघड्या रानात अंथरून घरी जाऊन झोपला. गावातल्या गुरांसाठी त्यानं जणू जेवणाचा दस्तरखानच अंथरला होता.

सकाळी जाऊन बघतात तर काळूरामची म्हैस कडेच्या वाफ्यावर जेवायला बसलेली. कापडाचं टोक तोंडात, डोळे मिटलेले. गुलाम हुसेन "अरे, अरे!" करत धावले. म्हैस दचकली आणि उठून पळाली. कापड तिनं सोडलं नाही. सबंध वाफ्याचं कापड उलगडत तिच्यामागं निघालं, ते बांधावरून थेट वाडा रोडवर. पुढं म्हैस, मागं तागा, त्याच्यामागं लुंगी सावरत गुलाम हुसेन. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून मोबाइल काढला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ हमजाच्या गोदामात पोचला होता. हमजानं घरी येऊन जेवणाच्या वेळी तो सगळ्यांना दाखवला. साजिदा हसली नाही. ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तिकडं काळूराम हात जोडून उभा. "म्हशीला काय झालं तं, शेट?" म्हशीला काही झालं नाही. चांगली ठणठणीत होती आणि रोज संध्याकाळी दोर तोडून परत यायला बघत होती. गुणाबाईनं उपाय सांगितला, कापडावर शेणकाला शिंपडा, गुरं तोंड लावणार नाहीत. आयुष्यभर कापडावर बोटाचा डाग दिसला तर कारागिराला धारेवर धरणारे गुलाम हुसेन बादली घेऊन स्वतःच्या कापडावर शेण शिंपडत फिरले. शिंपडताना ते कुणाकडंही बघत नव्हते. मग करवंदीच्या काट्यांचं कुंपण झालं.

आणि शेवटी भोकांतून हिरवं डोकं वर आलं! एका भोकातून, दुसऱ्या भोकातून, बघता बघता प्रत्येक वाफ्यावर. पांढऱ्या कापडावर हिरवीगार रेघ, कुठं वाकडी नाही, कुठं खंड नाही. गुलाम हुसेन रोज सकाळी न्याहारी करून निघायचे ते दुपारपर्यंत रानात. घरी आले की फक्त भेंडीबद्दल बोलायचे. चपातीच्या जाडीबद्दल एक अक्षर नाही. दुपट्ट्याचे काठ मोकाट सुटले. कधीकधी जिना चढताना ते गुणगुणायचे, आणि अफीफानं आईला खूण करून ते ऐकवलं होतं.

त्यांनी गुणाबाईला सांगून ठेवलं होतं, "भेंडीच्या बुडाशी काही तण दिसलं तर काढून टाक." गुणाबाई म्हणायची, "काढते, काढते. आज न्हाय, उद्या." आणि रोज घरी जाताना तिची ओटी भरलेली असायची. गुलाम हुसेनना वाटायचं, काढलेलं तण नेत असेल म्हशीला. बिचारी कष्टाळू आहे.

किशनभाई येणार त्याच्या आदल्या दिवशी गुलाम हुसेन काळूरामला म्हणाले, "भेंडी लागायला अजून किती दिवस?"

"कंची भेंडी?"

"ही! ही काय ही!"

काळूरामनं वाफ्याकडं बघितलं, मग शेटकडं बघितलं. "शेट, ह्यो माठ हाय. त्यो कुर्डू. मधी लव्हाळा. गुणा रोज भाजी करते ना त्येची."

गुलाम हुसेन मटकन बांधावरच बसले. पांढऱ्या कापडातून ऊन आरपार खाली जात होतं, वरून शेणाचं खत मिळत होतं, गवताचं तर अगदी माहेरपण चाललं होतं. जिथं जिथं भोक सापडलं तिथून ते वर आलं, आणि भोकं पडली होती सुतात, म्हणून गवतसुद्धा सुतात. "आणि भेंडी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"असंल की. मधी मधी. हुडकली तं घावंल."

"मग आत्ताच्या आत्ता गवत काढू!"

"काढू की," काळूराम म्हणाला. "पन मंग ओळी न्हाय ऱ्हायच्या."

हे मात्र खरं होतं. गवत उपटलं तर कापडावर भोकं उरणार आणि इथंतिथं एखादी भेंडी. नाही उपटलं तर रानभर ओळी, पण गवताच्या. साजिदाला ओळी हव्या होत्या, पिकाच्या. ती त्याच रानाच्या बांधावर वाढलेली, शेतकऱ्याची लेक. तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं शक्य नव्हतं. त्या संध्याकाळी गुलाम हुसेन जेवले नाहीत. साजिदानं विचारलं तर म्हणाले, पोट ठीक नाही. पोट ठीकच होतं. उद्यापासून सकाळी उठून कुठं जायचं, हा विचार त्यांना खात होता.

दुसऱ्या दिवशी हमजाच्या गाडीतून गुलाम हुसेन आणि साजिदा निघाले. किशनभाई आपल्या गाडीनं आले. पांढरे बूट, काळा चष्मा. गाडीतून उतरले आणि रस्त्याच्या कडेला थबकले. समोर सबंध अर्धा एकर, पांढरे पट्टे आणि पट्ट्यांवर गर्द हिरव्या ओळी.

"अरे वा! हमजाभाई, आपने तो बोला था खाली ज़मीन है! ये तो एकदम मॉडर्न खेती है!" त्यांनी मोबाइल काढून फोटोच घेतले. "क्या लगाया है, सेठ?"

हमजा गवत आणि भेंडी यांतला फरक ताटात वाढल्याशिवाय ओळखणारा नव्हता, त्यामुळं तोही आ वासून बघत होता. काळूराम आणि गुणाबाई बांधावर उभे होते. तुटक्या दोऱ्याचं कापड गुलाम हुसेननी कधी चांगलं म्हणून कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं. आता ह्या वयात सुरुवात करायची?

"किशनभाई," ते म्हणाले, "सच बोलूं तो ये जो दिख रहा है..."

साजिदा पुढं झाली. चप्पल बाजूला काढून ती वाफ्यापर्यंत गेली, खाली वाकली, दोन पानं बोटांनी चाचपून बघितली. गुलाम हुसेननी डोळे मिटून घेतले. ती उठली, हात झटकले आणि मोठ्यानं, अख्ख्या वाडा रोडला ऐकू जाईल असं म्हणाली,

"माशाअल्ला! भेंडी चांगली आलीय."

"पन ह्यो तं मा..." काळूरामनं तोंड उघडलं. गुणाबाईनं त्याच्या दंडाला असा काही चिमटा काढला की उरलेला शब्द किंकाळीच झाला.

"मच्छर," गुणाबाई म्हणाली.

किशनभाईंनी मान हलवली. उभ्या पिकावर गोदाम घालायला ते काही राक्षस नव्हते. "भाभीजी, हम दूसरी जगह देख लेते हैं," असं म्हणाले आणि जाताना पहिल्या तोड्याची भेंडी घरी पाठवायचं वचन घेऊन गेले. हमजानं एकदा ओळींकडं, एकदा अम्मीकडं बघितलं. शर्त म्हणजे शर्त. तो खांदे पाडून किशनभाईंना हायवेपर्यंत सोडायला गेला.

मग रानात फक्त नवराबायको राहिले, आणि जरा लांबवर गुणाबाई आणि दंड चोळत काळूराम.

"तुला कळलं नाही?" गुलाम हुसेननी घाबरत विचारलं.

"माठ मला कळणार नाही? याच बांधावर लहानपणी ओटी ओटी माठ खुडलाय मी."

"मग खोटं का बोललीस?"

साजिदा बांधावर बसली. मग म्हणाली, "कारखाना बंद झाला त्या दिवसापासून तुम्ही नुसते भिंतीकडं बघत बसायचा, हमजाचे अब्बा. घरातल्या प्रत्येकाला बोलायचा, पण डोळे भिंतीवर. मला भीती वाटायची. हल्ली सकाळी दारात तुमच्या चपला नसतात. त्या नाहीत हे बघून मला बरं वाटतं. मला तुम्ही घरात नको आहात असं नाही हं. पण तुम्हाला कुठंतरी जायचं असतं, ते मला हवं होतं. एवढ्यासाठी म्हटलं गवताला भेंडी."

गुलाम हुसेनचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला जवळ कापड म्हणून जे होतं त्यावर शेण होतं.

"पण ऐका," साजिदाचा आवाज एकदम बदलला. "नुसतं खोटं असतं तर चाललं असतं. माशाअल्ला म्हणून खोटं बोलले मी. अल्लाचं नाव घेऊन गवताला भेंडी म्हटलंय. वर त्या माणसाला पहिला तोडा कबूल केलाय. हे ओझं घेऊन मी कबरीत जाणार नाही. माझं बोलणं खरं करून दाखवायचं, ते तुम्ही. गुणाबाई, खुरपं दे गं इकडं. दोन दे."

"आत्ता?"

"आत्ता. बसा खाली. जे गवत असेल ते काढायचं, भेंडी असेल ती ठेवायची. ओळीत एक असो नाहीतर अर्धी असो, ती जगवायची. जिथं नाही तिथं पुन्हा बी घालायचं."

गुलाम हुसेन गुडघे कुरकुरवत खाली बसले. लुंगी खोचली, खुरपं घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा बायकोनं सांगितलेलं काम ते दुरुस्ती न सुचवता करत होते. समोरच्या भोकात हिरव्यागार जुडग्याच्या मधोमध एक जाडसर, लवदार दांड्याचं, रुंद पानांचं झाड उभं होतं, सगळ्यांत उंच, सगळ्यांत मग्रूर. गवताचा हाच म्होरक्या असणार, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आलं. "बिस्मिल्ला," म्हणून त्यांनी सगळा जोर लावला आणि ते मुळासकट उपटून विजयी मुद्रेनं साजिदासमोर धरलं.

साजिदा किंचाळली. ती भेंडी होती.